न वापरलेलं तिकीट: डेटाबेस ड्रायव्हरमधल्या टीएलएस सेशनची चाचणी

टीएलएस सेशन पुन्हा वापरण्याची सोय बंद पडली, तर वरवर काहीच बंद पडत नाही. ड्रायव्हर डेटाबेसला जोडला जातो, पासवर्ड तपासला जातो, क्वेरीचं उत्तर येतं आणि चाचण्यांची यादी खालपर्यंत हिरवी दिसते. फरक एवढाच की प्रत्येक जोडणीच्या वेळी क्लायंट आणि सर्व्हर आयुष्यात पहिल्यांदा भेटल्यासारखे वागतात: प्रमाणपत्रांची साखळी पुन्हा पाठवली जाते, सही पुन्हा केली जाते, ती पुन्हा तपासली जाते. हा गाजावाजा न करता होणारा बिघाड प्रोटोकॉलच्या रचनेतच आहे. क्लायंटने दाखवलेलं जुनं सेशन सर्व्हरला ओळखता आलं नाही, तर त्याने ते बाजूला ठेवून पूर्ण हँडशेक करावा, अशीच व्यवस्था आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ती उत्तम. चाचणी लिहिणाऱ्याला मात्र ती हमखास फसवते. ‘जोडणी झाली, क्वेरी चालली’ एवढाच निकष लावला तर ही चाचणी कधी नापासच होऊ शकत नाही, आणि जी नापास होऊ शकत नाही तिच्या पास होण्याला किंमत नाही. या लेखाचं म्हणणं दुहेरी आहे. सेशन पुन्हा वापरलं गेलं याचा पुरावा क्वेरीच्या उत्तरापासून वेगळा काढून मागावा लागतो. आणि सेशन जिथे पुन्हा वापरलं जाता कामा नये, त्या जागांची चाचणी ही या कामाची अधिक महत्त्वाची बाजू आहे.

आधी नेमकं काय वाचतं ते पाहू. २००८ सालच्या टीएलएस १.२ मध्ये पूर्ण हँडशेकला नेटवर्कवर दोन फेऱ्या लागतात. जुनं सेशन चाललं तर एक. हे जुनं सेशन लक्षात ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत सर्व्हर स्वतःकडे नोंद ठेवतो आणि क्लायंटला फक्त तिचा क्रमांक देतो. दुसरीत, जी आरएफसी ५०७७ मध्ये मांडलेली आहे, सर्व्हर सेशनची सगळी माहिती स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद करून क्लायंटच्याच हातात देतो. हेच ते तिकीट. दुकानदाराने वहीत खातं ठेवणं आणि गिऱ्हाइकाच्या हाती स्वतःच्या सहीची चिठ्ठी देणं, असा हा फरक आहे. वही फाटली तर पहिली रीत संपते, सहीच बदलली तर दुसरी. ऑगस्ट २०१८ मध्ये आरएफसी ८४४६ म्हणून आलेल्या टीएलएस १.३ ने हिशेब बदलला. तिथे पूर्ण हँडशेकच एका फेरीत होतो आणि जुन्या सेशनवरचा हँडशेकही एकाच फेरीत. म्हणजे फेरी वाचत नाही. वाचते ती प्रमाणपत्रांची वाहतूक, सर्व्हरची सही आणि क्लायंटकडची साखळी तपासणी. डिफी-हेलमनची नवी देवाणघेवाण तर बहुतेक वेळा तेव्हाही होतेच. म्हणून ‘दुसरी जोडणी पहिलीपेक्षा लवकर झाली’ हा पुरावा धरू नये. एकाच मशीनवर क्लायंट आणि सर्व्हर चालवून घेतलेल्या वेळेत हा फरक गोंगाटात बुडतो, आणि दुसरी जोडणी लवकर होण्याला डीएनएसच्या कॅशपासून गरम झालेल्या मेमरीपर्यंत इतर अनेक कारणं असतात.

१.३ ने केलेला दुसरा बदल ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना अधिक महागात पडतो. १.२ मध्ये तिकीट हँडशेकच्या आतच मिळायचं. हँडशेक संपला की सेशन उचलून ठेवा, काम झालं. १.३ मध्ये तिकीट हँडशेक संपल्यानंतर वेगळ्या संदेशातून येतं, आणि क्लायंटने सॉकेटवरून काही वाचल्याशिवाय ते त्याच्या हाती पडत नाही. जुना ड्रायव्हर हँडशेक संपल्याच्या क्षणी सेशन मागतो. ओपनएसएसएल त्याला एक सेशन देतंही, पण त्यात तिकीट नसतं, त्यामुळे ते पुढे चालत नाही. कोणतीही चूक दाखवली जात नाही. पुढच्या वेळी निमूट पूर्ण हँडशेक होतो. योग्य मार्ग म्हणजे नवं सेशन आल्यावर लायब्ररी ज्याला हाक मारते तो कॉलबॅक नोंदवणं, आणि हाती आलेलं सेशन खरोखर पुढे वापरण्याजोगं आहे का हे विचारणारं जे फंक्शन ओपनएसएसएलच्या १.१.१ आवृत्तीपासून आहे, ते चाचणीत वापरणं. पायथनच्या प्रमाण ग्रंथालयातल्या सेशनच्या सोयी टीएलएस १.३ शी सुसंगत नाहीत, असं पायथनचं अधिकृत दस्तऐवजीकरणच स्पष्ट सांगतं. तेव्हा पायथनमधल्या ड्रायव्हरने १.२ वर पास झालेली चाचणी दाखवून १.३ बद्दल काही म्हणू नये. सर्व्हरला एकदा फक्त १.२ आणि एकदा फक्त १.३ बोलायला लावून दोन्ही वेळा सगळ्या चाचण्या चालवाव्यात. दोन्ही खुले ठेवले तर वाटाघाटीत १.३ च निवडलं जाणार आणि १.२ ची वाट कधी तपासलीच जाणार नाही.

डेटाबेसच्या ड्रायव्हरला इथे एक फायदा आहे. मायएसक्यूएलमध्ये टीएलएस उभं राहिल्यावर क्लायंट लॉगिनचं पॅकेट पाठवतो आणि सर्व्हर त्याला उत्तर देतो. ते उत्तर वाचताना आधीच येऊन पडलेली तिकिटंही वाचली जातात. त्यामुळे लॉगिन पुरं झाल्यावर सेशन उचललं तर ते हाती असतं. चाचणीत ‘तिकीट येईपर्यंत थांबा’ म्हणून अर्ध्या सेकंदाची झोप घालण्याची गरज नाही. एक साधी क्वेरी पाठवून तिचं उत्तर वाचा. तेवढी फेरी पुरते आणि ती धीम्या मशीनवरही दगा देत नाही. झोप घालून लिहिलेल्या चाचण्या कधी पास तर कधी नापास होतात, मग त्या ‘लहरी’ ठरवून बंद केल्या जातात, आणि खऱ्या बिघाडाच्या दिवशी पहाऱ्यावर कुणीच नसतं.

कोणत्या सर्व्हरसमोर चाचणी घ्यायची, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. पोस्टग्रेएसक्यूएलसमोर ही चाचणी कधीच पास होणार नाही आणि त्यात ड्रायव्हरचा दोष नसेल. हा सर्व्हर प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस उभी करतो आणि सेशन पुन्हा वापरण्याला मुळात पाठिंबाच देत नाही. तरीही पूर्वी ओपनएसएसएल आपणहून तिकिटं देत असे, कारण कुणी त्याला नको म्हटलेलं नव्हतं. तिकिटं जपून ठेवणाऱ्या क्लायंटांना, उदाहरणार्थ डॉटनेटच्या एनपीजीएसक्यूएल ड्रायव्हरला, त्यामुळे दुसऱ्यांदा जोडताना अपयश येऊ लागलं, आणि २०१७ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएलने तिकिटं बंद केली. पण टीएलएस १.३ मध्ये ओपनएसएसएलची तिकिटं दोन प्रकारची असतात: सगळी माहिती पोटात घेऊन फिरणारी, आणि सर्व्हरकडच्या नोंदीकडे फक्त बोट दाखवणारी. जो पर्याय वापरला गेला होता तो पहिल्याच प्रकाराला आवर घालत होता. दुसरा प्रकार बंद करण्यासाठी तिकिटांची संख्याच शून्यावर आणणारी दुरुस्ती २०२४ मध्ये आली. हा इतिहास चाचणी लिहिणाऱ्याला दोन गोष्टी सांगतो. सर्व्हर स्वतः न मानणारी तिकिटंही देऊ शकतो. आणि ‘निमूट पूर्ण हँडशेक’ हा नियम व्यवहारात दर वेळी पाळला जातोच असं नाही. कधी जोडणीच तुटते. म्हणून तिकीट नाकारणाऱ्या सर्व्हरसमोर ड्रायव्हर कसा वागतो, ही स्वतंत्र चाचणी हवी.

पुरावा मिळवायला मायएसक्यूएल सोयीचा आहे. २०२२ मध्ये आलेल्या ८.०.२९ या आवृत्तीपासून त्याच्या सी लायब्ररीत सेशनचा मजकूर मागणारं, तो मोकळा करणारं आणि ‘ही जोडणी जुन्या सेशनवर झाली का’ हे सांगणारं अशी तीन फंक्शनं आहेत. सर्व्हरच्या बाजूला सेशनची सोय चालू-बंद करणारं आणि तिची मुदत ठरवणारं अशी दोन चलं आहेत. ही मुदत मुळात ३०० सेकंदांची असते. त्याच आवृत्तीतल्या कमांड लाइन क्लायंटची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. त्याला जुन्या सेशनची फाइल दिली आणि ते सेशन चाललं नाही, तर तो मुकाट्याने नवी जोडणी करत नाही. चूक दाखवून थांबतो. तरीही पुढे जायचं असेल तर वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. प्रोटोकॉलचा स्वभाव गप्प राहण्याचा आहे हे ओळखून साधनाने बोलकं व्हायचं ठरवलं, असं हे उदाहरण आहे. तुमच्या ड्रायव्हरमध्येही निदान चाचणीपुरती अशी कडक रीत ठेवता आली तर ठेवा.

आता मुख्य चाचणी. स्वच्छ प्रोसेसमध्ये पहिली जोडणी करा आणि ती जुन्या सेशनवर झालेली नाही हे आधी तपासा. ही पायरी वगळण्याचा मोह होतो, पण ती नसेल तर कायम ‘हो’ म्हणणारं बिघडलेलं फंक्शनही चाचणी पास करून जाईल. मग एक क्वेरी करा, जोडणी रीतसर बंद करा, दुसरी जोडणी करा आणि तीन ठिकाणी विचारा. पहिलं ठिकाण क्लायंटची टीएलएस लायब्ररी: ओपनएसएसएल, गो आणि पायथन, तिन्हींत हा प्रश्न थेट विचारण्याची सोय आहे. दुसरं ठिकाण सर्व्हर: त्याच जोडणीवरून ‘एसएसएल_सेशन्स_रीयूज्ड’ हे स्थितिदर्शक चल वाचा. सर्व्हरभरच्या एकूण मोजणीवर भिस्त ठेवू नका, कारण शेजारी चालणारी दुसरी चाचणीही तीच मोजणी वाढवत असते. तिसरं ठिकाण प्रत्यक्ष तारेवरची पॅकेटं. टीएलएस १.३ मध्ये क्लायंटच्या पहिल्या संदेशात ४१ क्रमांकाचं एक्स्टेन्शन असतं, त्यात तो आपलं तिकीट पुढे करतो; सर्व्हरच्या उत्तरातही तेच एक्स्टेन्शन आलं तर तिकीट मानलं गेलं. हे दोन्ही संदेश उघडे असल्यामुळे किल्ल्या नसतानाही दिसतात. प्रमाणपत्राचा संदेश मात्र १.३ मध्ये गुप्त असतो, तेव्हा तो खरोखर वगळला गेला का हे वायरशार्कमध्ये पाहायचं तर किल्ल्यांचा लॉग लिहून घ्यावा लागतो. पॅकेटांची तपासणी रोज चालवायची गरज नाही. पण ड्रायव्हरमध्ये ही सोय पहिल्यांदा घालताना ती एकदा हाताने केलेली असावी, कारण पहिल्या दोन साक्षीदारांवर किती विसंबायचं हे तीच ठरवते.

वर ‘रीतसर बंद करा’ म्हटलं त्याला कारण आहे. टीएलएसमध्ये जोडणी संपवताना निरोपाचा एक संदेश पाठवायचा असतो. तो न पाठवता सॉकेट सरळ बंद करून वस्तू मोकळी केली, तर ओपनएसएसएल ते सेशन बिघडलेलं मानून काढून टाकतं. हे त्याच्या दस्तऐवजांत लिहिलेलं आहे, पण ड्रायव्हरच्या चुकीच्या वाटेवर, वेळ संपल्यावर किंवा पूलमधून जोडणी फेकून देताना, हा निरोप सहज राहून जातो. दुसरी तशीच लपलेली चूक म्हणजे दर जोडणीला नवा टीएलएस कॉन्टेक्स्ट तयार करणं. जावामध्ये सेशनची कॅश कॉन्टेक्स्टच्या पोटात असते. कॉन्टेक्स्ट नवा तर कॅशही रिकामी. पायथनमध्ये तर एका कॉन्टेक्स्टचं सेशन दुसऱ्याला दिलं की चूकच उडते. गोमध्ये क्लायंटची कॅश मुळात नसतेच. ती मुद्दाम लावली नाही तर कोणतंही तिकीट जपलं जात नाही. तीन भाषा, तीन वेगळे पूर्वग्रह, आणि चूक उडाली नाही तर परिणाम एकच: सगळं हिरवं, तिकीट न वापरलेलं.

इथे एक आक्षेप साहजिक आहे. टीएलएस लायब्ररीच्या स्वतःच्या चाचण्या असतात. ड्रायव्हरने त्या पुन्हा का कराव्यात? उत्तर असं की लायब्ररी तिकीट देते, घेते आणि तपासते, पण ते कुठे ठेवायचं, कोणत्या नावाखाली ठेवायचं, कधी टाकून द्यायचं आणि कोणत्या जोडणीसाठी पुढे करायचं, हे बहुतेक ठिकाणी ड्रायव्हर ठरवतो. मायएसक्यूएलची सी लायब्ररी तर सेशनचा मजकूर हाती देऊन बाजूला होते. पुढची सगळी आठवण हाक मारणाऱ्याची. शिवाय लायब्ररींची सावधगिरी सारखी नसते. गोची लायब्ररी जुनं सेशन काढताना पाहते की ते प्रमाणपत्र न तपासता मिळालेलं होतं का. तसं असेल आणि आताच्या जोडणीला तपासणी हवी असेल, तर ती ते सेशन वापरत नाही आणि होस्टचं नावही पुन्हा पडताळते. ओपनएसएसएलमध्ये मात्र जुन्या सेशनबरोबर जुन्या तपासणीचा निकाल पुढे येतो. साखळी नव्याने तपासली जात नाही. योग्य सेशन निवडण्याची जबाबदारी निवडणाऱ्यावर. आणि डेटाबेसच्या जगात तो निवडणारा म्हणजे ड्रायव्हर.

इथूनच दुसऱ्या, अधिक गंभीर बाजूला सुरुवात होते. जुन्या सेशनवर जोडताना सर्व्हर प्रमाणपत्र दाखवतच नाही. ‘मागच्या वेळी ओळख पटली होती’ एवढ्यावर भरवसा ठेवला जातो. मग मागच्या वेळी ओळख पटवण्याचे नियम ढिले होते आणि आता कडक आहेत, तर? मायएसक्यूएलमध्ये जोडणीचा एक प्रकार फक्त गुप्तता मागतो, दुसरा प्रमाणपत्र विश्वासू संस्थेचं असावं असं म्हणतो, आणि तिसरा त्यावरचं नावही होस्टशी जुळलं पाहिजे असा आग्रह धरतो. चाचणी अशी रचा: चुकीच्या नावाचं प्रमाणपत्र लावलेला सर्व्हर उभा करा, पहिल्या प्रकाराने जोडा, तिकीट मिळू द्या, आणि मग त्याच प्रोसेसमधून त्याच होस्टला तिसऱ्या प्रकाराने जोडायचा प्रयत्न करा. ही जोडणी अपयशी ठरली पाहिजे. ती यशस्वी झाली, तर ड्रायव्हरने तिकीट फक्त होस्ट आणि पोर्टच्या नावाखाली ठेवलं आहे आणि तपासणीचा दर्जा त्या नावात घेतलेला नाही. हीच चाचणी विश्वासू संस्थांची यादी बदलून करा, क्लायंटचं स्वतःचं प्रमाणपत्र बदलून करा, आणि क्लायंटचं प्रमाणपत्र काढून टाकूनही करा. एकाच प्रोसेसमध्ये दोन वेगळ्या ग्राहकांच्या वतीने बोलणाऱ्या अनुप्रयोगात यातली शेवटची दोन रूपं प्रत्यक्ष घडतात.

हे सगळं कागदावरचं भय आहे असं वाटत असेल तर सार्वजनिक नोंदी पाहाव्यात. २०१६ मध्ये कर्लमध्ये सापडलेली त्रुटी, सीव्हीई-२०१६-५४१९, नेमकी हीच होती: क्लायंटचं प्रमाणपत्र बदललं तरी लायब्ररी जुनं टीएलएस सेशन पुढे करत होती. २०२५ मध्ये एनजिनएक्समध्ये नोंदवलेली सीव्हीई-२०२५-२३४१९ सर्व्हरच्या बाजूची होती. एकाच पत्त्यावर आणि पोर्टवर अनेक नावं चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये एका नावासाठी मिळालेलं सेशन वापरून दुसऱ्या नावाची क्लायंट-प्रमाणपत्राची अट चुकवता येत होती. २०२० मध्ये ग्नूटीएलएसमधली त्रुटी तर मुळावरच घाव घालणारी होती. तिकीट कुलूपबंद करण्याची किल्लीच चुकीने हाताळली गेल्यामुळे टीएलएस १.३ मध्ये मधल्या माणसाला सर्व्हर असल्याचं सोंग घेता येत होतं, दुरुस्ती ३.६.१४ या आवृत्तीत आली. तिन्ही ठिकाणी पूर्ण हँडशेक निर्दोष होता. बिघाड होता तो आठवणीत. अनुभवी हातांनी लिहिलेल्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या कोडमध्ये हे घडलं, म्हणून ड्रायव्हरच्या लेखकाने ‘आपण एवढ्याशा कॅशमध्ये काय चुकणार’ असं म्हणू नये. चुका अशा एवढ्याशा आठवणीतच झालेल्या आहेत.

दोन गोष्टींची गल्लत चाचणीतही होऊ नये: टीएलएस सेशन पुन्हा वापरणं म्हणजे डेटाबेसचं लॉगिन पुन्हा वापरणं नव्हे. पहिली जोडणी करा, तिकीट मिळवा, मग दुसऱ्या खात्यावरून त्या वापरकर्त्याचा पासवर्ड बदला आणि जुन्या पासवर्डने जोडून पाहा. टीएलएस जुन्या सेशनवर उभं राहील आणि लॉगिन नाकारलं जाईल; दोन्ही एकाच वेळी घडलेलं दिसलं पाहिजे. ही चाचणी छोटी आहे, पण तिच्या निकालाचं दुसरं अंगही महत्त्वाचं: लॉगिन नाकारलं गेलं म्हणून ड्रायव्हर पुढच्या वेळीही तेच तिकीट पुढे करून अडकून बसत नाही ना, हे लगोलग योग्य पासवर्डने जोडून पाहावं.

डेटाबेस सहसा एकटा नसतो. एका नावामागे दोन-तीन सर्व्हर उभे असतात, मध्ये प्रॉक्सी असतो, बिघाड झाला की मुख्य सर्व्हरची जागा दुसरा घेतो. पहिल्याने दिलेलं तिकीट दुसऱ्यासमोर ठेवलं तर, दोघांनी किल्ल्या वाटून घेतल्या नसतील तर, ते कामाचं नाही. इथे अपेक्षा अशी: जोडणी व्हावी, क्वेरी चालावी, ‘जुनं सेशन’ हा प्रश्न विचारल्यावर ‘नाही’ असं उत्तर यावं, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या सर्व्हरचं नवं तिकीट पुढे केलं जावं. एकाच सर्व्हरला बंद करून पुन्हा चालू केलं की हीच परिस्थिती घरबसल्या तयार होते, कारण ओपनएसएसएल तिकिटांची किल्ली मुळात प्रोसेसच्या स्मृतीतच ठेवतं. मुदत संपलेल्या तिकिटाची चाचणी करताना तीनशे सेकंद थांबण्याऐवजी सर्व्हर काही सेकंदांच्या मुदतीने सुरू करा. आरएफसी ८४४६ ने तिकिटाच्या आयुष्याला ७ दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे. ड्रायव्हर तिकिटं डिस्कवर ठेवत असेल तर या मर्यादेपलीकडचं तिकीट तो पुढे करत नाही, हे घड्याळ पुढे सरकवून पाहता येतं.

पूलच्या बाबतीत अपेक्षेची संख्या विचारपूर्वक ठरवावी. दहा जोडण्या एकदम उभ्या राहिल्या आणि हाती एकाच जुन्या जोडणीतून मिळालेली तिकिटं होती, तर किती जोडण्या त्यांवर व्हाव्यात? दहापैकी दहा असं म्हणण्याची घाई नको. टीएलएस १.३ चं मानक म्हणतं की एकच तिकीट अनेक जोडण्यांसाठी वापरू नये, कारण तारेवर लक्ष ठेवणाऱ्याला त्यावरून त्या जोडण्या एकाच क्लायंटच्या असल्याचं कळतं. याच गरजेपोटी ओपनएसएसएलचा सर्व्हर पूर्ण हँडशेकनंतर मुळात दोन तिकिटं देतो. तिकीट एकदाच वापरणारा ड्रायव्हर असेल तर दोनच जोडण्या जुन्या सेशनवर होणं ही त्याची शिस्त आहे, तो बिघाड मानू नये. ड्रायव्हरने कोणतं धोरण घेतलं आहे ते आधी लिहून काढावं आणि चाचणीने तेच तपासावं. धोरणच ठरलेलं नसेल तर चाचणी लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने आकडा घालून ते ठरवू नये. तो प्रश्न ड्रायव्हरच्या कर्त्यांकडे न्यावा.

उरतो सगळ्यांत जड आक्षेप: एवढा खटाटोप कशासाठी? पूल जोडण्या तासन्‌तास उघड्या ठेवतो, टीएलएस १.३ मध्ये फेरीही वाचत नाही, मग फायदा उरतो किती? या आक्षेपात बरंच तथ्य आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. स्थिर पूल असलेल्या, दिवसाला मोजक्या जोडण्या करणाऱ्या सेवेला या सोयीचा फरक जाणवणार नाही. फरक जाणवतो तो मुख्य सर्व्हर बदलल्यावर शेकडो क्लायंट एकाच क्षणी धावून येतात तेव्हा. त्या वेळी सर्व्हरचा प्रोसेसर सह्या करण्यात गुंतलेला असतो, आणि सह्यांची रांग हीच क्वेरींची रांग होते. प्रत्येक विनंतीला नवी जोडणी करणाऱ्या छोट्या प्रोसेस, काही सेकंद जगून संपणारी फंक्शनं, प्रत्येक नोडच्या प्रत्येक कोरला वेगळी जोडणी करणारे ड्रायव्हर, यांनाही फायदा होतो. त्यातली काही सेकंदांत संपणारी प्रोसेस मात्र तिकीट कुठे ठेवणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. म्हणून मोजायचंच असेल तर एकट्या जोडणीचा वेळ मोजू नका. सर्व्हर बंद-चालू न करता सगळ्या क्लायंटांच्या जोडण्या एकदम तोडा, त्यांना परत येऊ द्या, आणि सोय चालू आणि बंद ठेवून सर्व्हरच्या प्रोसेसरवरचा भार व शेवटचा क्लायंट जोडला जाईपर्यंतचा काळ पाहा. सर्व्हर नवा होणार असेल आणि किल्ल्या वाटून घेतलेल्या नसतील, तर त्या गर्दीत तिकीट एकाचंही चालणार नाही, हे मोजणीआधीच कळायला हवं. फरक नगण्य निघाला तर सोय बंद ठेवणं हा पूर्णपणे सन्माननीय निर्णय आहे.

याच आक्षेपाचं उलट रूपही ऐकू येतं: फेरी वाचवायचीच तर टीएलएस १.३ मधला शून्य फेरीचा मार्ग का नको, ज्यात तिकिटाबरोबर पहिला मजकूरही लगेच पाठवता येतो? डेटाबेससाठी माझं उत्तर स्पष्ट नकाराचं आहे. तो मजकूर मध्ये कुणी टिपून पुन्हा पाठवला तर त्यापासून मानक हमी देत नाही. वाचण्याच्या विनंतीचं एक वेळ ठीक, पण खात्यातून रक्कम वजा करणारी ओळ दोनदा चालली तर ती दोनदाच चालली. तिकीट वापरणारा ड्रायव्हर क्लायंटच्या पहिल्या संदेशात ४२ क्रमांकाचं, म्हणजे आगाऊ मजकुराचं, एक्स्टेन्शन पाठवत नाही, एवढं पॅकेटांत एकदा पाहून घ्यावं.

सगळ्या चाचण्या लिहून झाल्या की खुंटा हलवून पाहायचा. ड्रायव्हरमधली सेशन साठवणारी एक ओळ काढा आणि चाचण्या चालवा: पुन्हा वापराची चाचणी लाल झाली पाहिजे, बाकीच्या हिरव्याच राहिल्या पाहिजेत. ती ओळ परत घाला आणि साठवणीच्या नावातून तपासणीचा दर्जा काढा: आता चुकीच्या नावाच्या प्रमाणपत्राची चाचणी लाल झाली पाहिजे. मग क्लायंटचं प्रमाणपत्र त्या नावातून काढा. मग निरोपाचा संदेश पाठवणारी ओळ काढा. मग तिकीट कॉलबॅकऐवजी हँडशेक संपताक्षणी उचला, आणि पाहा की फक्त १.३ वरची चाचणी कोसळते आणि १.२ वरची टिकते. ज्या बदलाने एकही चाचणी लाल होत नाही, त्या बदलासाठीची चाचणी अजून लिहायची राहिली आहे. आणि ड्रायव्हरमध्ये ही सोय बंद करण्याचा पर्याय असेल तर त्याचीही चाचणी करा: पर्याय बंद असताना दुसऱ्या जोडणीच्या पहिल्या संदेशात ४१ क्रमांकाचं एक्स्टेन्शन दिसता कामा नये, मग सर्व्हर तिकिटं देवो वा न देवो.